नजराणा हस्तिदंतीच असावा

कॉन्स्टँटिनोपलला, पूर्व रोमन सम्राटाच्या दरबारात, काम अडलंय? मग कायदा, युक्तिवाद, धर्मशास्त्र गुंडाळून ठेवा आणि हस्तिदंताची सोय बघा.

एकच अडचण आहे. इ.स. ३८४ च्या फर्मानाप्रमाणे कोरीव हस्तिदंती जोडफलक (पुस्तकासारखी मिटणारी दोन फळ्यांची जोडी) भेट देण्याचा हक्क फक्त वर्षाच्या मुख्य कॉन्सुलला, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेल्या मानाच्या अधिकाऱ्याला. तेव्हा आधी कॉन्सुल व्हा. मामा सम्राट असला की हे सहज जमतं. ५२१ साली जस्टिनियनला (पुढे तोही सम्राट झाला) जमलंच. त्याच्या फलकांवर कोरलंय की या भेटी किमतीने लहान, पण मानाने थोर. त्याच वर्षी पठ्ठ्याने खेळतमाशांवर वगैरे २,८८,००० सोन्याची नाणी उधळली होती! नम्रता अशी कोरूनच घ्यावी, म्हणजे लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

फलकावर कोरायचं काय? अर्थात स्वतःला. ५०६ चा कॉन्सुल अरिओबिंडस पाहा: स्वतः उच्चासनावर, हातात खेळ सुरू करायचा रुमाल, आणि पायाशी आखाड्यात माणसं नि जनावरं झुंजतायत. मात्र सगळ्यांना एकच माल देऊ नका. लग्नातल्या मानपानासारखंच हे; कोणाला पूर्ण मूर्ती, कोणाला नुसता मुखवटा. आपली पायरी कोणती, ते घेणाऱ्याला न सांगता कळतं.

सुळा आणला कुठून, असं कोणी विचारलंच तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला बार्बेरिनी फलक दाखवा. वर घोड्यावर विजयी सम्राट, खाली हत्ती, वाघ आणि सुळा घेऊन वाकलेले परदेशी, त्यांत भारतीयही. हस्तिदंतावरच हस्तिदंताची खंडणी! आणखी काय खुलासा हवा?

कॉन्सुलपद नाहीच मिळालं तर बिशप व्हा. ४३१ साली एफेससला भरलेल्या बिशपांच्या धर्मपरिषदेनंतर, दरबार आपल्या बाजूला वळावा म्हणून, अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने तिथे गालिचे, पडदे, हस्तिदंती खुर्च्या आणि सोनं धाडलं. क्रिसेरोस नावाचा खोजा कारभारी विरोधात होता, म्हणून त्याला सगळं दुप्पट आणि वर २०० पौंड सोनं. (तुम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला असाल तर थोडा विरोध जरूर करा.) सिरिलच्याच माणसाच्या पत्रात ही यादी आहे, आणि चर्चवर चढलेल्या १,५०० पौंड सोन्याच्या कर्जाचं रडगाणंही.

पुढे सिरिल संत झाला. तेव्हा व्याजाची काळजी तुम्ही करू नका.