परक्यांना शिकवणारा घरभेदी नसतो

आमच्या वाळवा तालुक्यातल्या कबड्डी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. इराणशी सामना आला की तिथे एकच वाद पेटतो: आपले प्रशिक्षक बाहेरच्या संघांना शिकवायला जातातच कसे? परवाही तो पेटला आणि नेहमीप्रमाणे शैलजा जैन यांच्यावर येऊन ठेपला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. त्याआधीची दोन्ही सुवर्णपदकं, २०१० आणि २०१४ ची, भारताची होती. आणि इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजाताई. "घरभेदीपणा दुसरा काय असतो?" असं एका थोरल्या दादांनी लिहिलं. त्यांच्या हाताखाली मी चढाई शिकलो, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण हे वाक्य मला मान्य नाही.

मी राहतो इंग्लंडच्या उत्तरेला, विगनमध्ये. एके काळी कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांचं हे गाव, आणि इथला खेळ रग्बी लीग. रग्बीची ही शाखा निघाली तीच पोटापाण्याच्या प्रश्नावरून. खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं होतं. रग्बी चालवणाऱ्या खात्यापित्या घरच्या मंडळींनी ते धुडकावलं. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक झाली आणि हे क्लब वेगळे झाले. मागे राहिलेली जुनी शाखा म्हणजे रग्बी युनियन. पुढची शंभर वर्षं, पैसे घेऊन लीग खेळलेल्या माणसाला रग्बी युनियनची दारं बंद राहिली.

१९९५ मध्ये युनियननेही पैसे देऊन खेळाडू ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना कळलं की पकड शिकवणारे खरे जाणकार लीगमध्येच आहेत. लीगमध्ये तेरा जण खेळतात. चढाई करणाऱ्या संघाला सहा पकडींपर्यंत चेंडू मिळतो, आणि प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे सरून पुन्हा रांग धरायची. एक गडी अर्धं पाऊल पुढे गेला तरी भगदाड पडतं. आपल्याकडे साखळीतला एक हात सुटला की चढाईपटू निसटतो, तसंच. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या युनियन संघाचा बचाव फिल लार्डर यांनी बांधला होता, तेही लीगचेच. विगनचे शॉन एडवर्ड्स वेल्सला गेले, आता फ्रान्सचा बचाव सांभाळतात.

आणि अँडी फॅरेल. विगनमध्ये जन्म, ऑरेल सेंट जेम्स या स्थानिक क्लबात खेळाची सुरुवात, सोळाव्या वर्षी विगनच्या मोठ्या संघात, एकविसाव्या वर्षी ग्रेट ब्रिटनचे कर्णधार. २००५ मध्ये ते युनियनकडे गेले. तिथे दुखापतींनी पिच्छा सोडला नाही आणि खेळाडू म्हणून ते विशेष चमकले नाहीत. पुढे ते इंग्लंडच्या प्रशिक्षकांमध्ये आले, पण २०१५ च्या घरच्याच विश्वचषकात इंग्लंड साखळी फेरीत बाद झाला. नवा मुख्य प्रशिक्षक आला, जुने सगळे सहायक गेले. त्यात फॅरेलही होते.

२०१६ मध्ये आयर्लंडने त्यांना बचावासाठी बोलावलं. त्याच वर्षी आयर्लंडने न्यूझीलंडला इतिहासात पहिल्यांदा हरवलं. २०१८ मध्ये ट्विकनहॅमवर, म्हणजे इंग्लंडच्या घरात, इंग्लंडलाच हरवून ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान, घेतला. फॅरेल मुख्य प्रशिक्षक झाल्यावर २०२३ मध्ये डब्लिनला पुन्हा तेच घडलं, पुन्हा इंग्लंडविरुद्धच. त्या दिवशी इंग्लंडचा कर्णधार होता त्यांचा मुलगा, ओवेन.

आयर्लंड आणि इंग्लंडचा इतिहास काय आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरीही विगनमध्ये फॅरेल यांना घरभेदी म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. इथे राग धरला जातो तो इंग्लंडच्या व्यवस्थेवर, की त्यांनी हा माणूस हातचा घालवला.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. डोक्याला बसलेल्या माराने मेंदूवर परिणाम झालेल्या माजी खेळाडूंनी खेळाच्या संस्थेवर दावे लावलेत. आपल्याकडे खेळाडूला पोलिसात, रेल्वेत, बँकेत नोकरी मिळते, म्हातारपणाची चिंता मिटते. ती सोय इथे नाही आणि तिची किंमत मला इथे आल्यावर कळली. पण आपल्याकडे नोकरी दिली की खेळाडूचं देणं फिटलं असं धरतात. त्याच्याकडची विद्या टेबलामागे जाऊन बसते.

इथल्या पोरांच्या क्लबात एक निवृत्त खेळाडू येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसमोर ते ओल्या गवतावर गुडघे टेकून बसतात, समोरच्याच्या मांडीला खांदा लावायला सांगतात आणि एकच प्रश्न विचारत राहतात: "डोकं कुठे आहे?" डोकं समोरच्याच्या पायांच्या पुढे आलं तर मानेला धोका, म्हणून ते मागच्या बाजूला हवं. एकेका मुलाचं डोकं हाताने धरून जागेवर आणतात. माझ्या मुलाचंही आणलं. असं शिकवणं म्हणजे पूर्ण वेळेचा, पगाराचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्या मुलांना आत्ताच ठाऊक आहे.

शैलजाताईंनी आयुष्यभर हेच केलं. भारतीय संघाची जबाबदारी मिळावी ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही, मग त्या इराणला गेल्या. फॅरेल यांना निदान एकदा संधी देऊन काढलं. ग्रुपवर कुणी म्हणालं, सरकारी मैदानांवर तयार झालेली विद्या परक्यांना का? मग इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईचं काय? २०२३ च्या प्रो कबड्डीच्या लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, त्याच मोसमात पलटण विजेती झाली आणि अख्खं पुणे नाचलं. इराणमध्ये कबड्डी चांगली शिकवली गेली म्हणूनच तो पकडवीर आपल्याला मिळाला. शिवाय कबड्डी ऑलिंपिकमध्ये जावी असं आपल्याला मनापासून वाटतं. दहा-वीस देश ताकदीने खेळल्याशिवाय ती जाणार कशी, आणि त्यांना शिकवणार कोण?

दादा, तुमचा राग योग्य आहे, पत्ता चुकलाय. तो राज्य संघटनेच्या पुढच्या सभेत काढा. जिल्ह्याजिल्ह्यातल्या निवृत्त खेळाडूंना, विशेषतः मुलींना, एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकाचा कोर्स करायला पाठवा आणि परत आल्यावर पगारी करार द्या, असा ठराव मांडा. अनुमोदन द्यायला मी पुढच्या सुट्टीत येतो.