संमतीपत्रावर सही झाली म्हणजे आयोजक सुटले? डोक्याच्या दुखापतीवरच्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या कबड्डी-कुस्तीच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खेळताना डोक्याला लागलं तर मेडिक्लेम मिळत नाही, संमतीपत्रावर सही झाली की आयोजक मोकळे, सीटी स्कॅन नॉर्मल आला तर भांडायला काही उरत नाही, आणि बँकेतला वीस रुपयांचा विमा असतोच की. एकेक दावा तपासू.

‘खेळातल्या दुखापतीला मेडिक्लेम नाही’

हा अपवाद विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, ठरवून दिलेल्या शब्दांत असतो. पॉलिसीत ‘एक्सक्लुजन ०९’ शोधा. धोकादायक किंवा साहसी खेळात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यामुळे लागणारा उपचारखर्च त्यात वगळला आहे. उदाहरणं गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार रेसिंग, स्कूबा डायव्हिंग अशी. शालेय कबड्डी खेळणारी नववीतली मुलगी यात कुठे बसते? नव्या पॉलिसीतला पहिल्या ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळही अपघाताला लागू नसतो.

क्लेम अडकतो तो भलतीकडेच. डोक्याला मार लागलेल्याला बहुधा एक रात्र निरीक्षणाखाली ठेवतात. रात्री नऊला दाखल, सकाळी अकराला डिस्चार्ज, म्हणजे चौदा तास. साध्या पॉलिसीला सलग २४ तास लागतात. तेवढे भरले तरी डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘निरीक्षणासाठी दाखल, सीटी नॉर्मल’ असेल, तर कंपनी एक्सक्लुजन ०४ पुढे करते: केवळ तपासणीसाठी दाखल झाला होता. तेव्हा उलट्या किती झाल्या, शुद्धीचा स्कोअर किती होता, शिरेतून कोणतं औषध दिलं, दर किती वेळानं तपासलं, हे सगळं कार्डावर आहे ना, ते घरी निघण्याआधी पाहा. तास भरावेत म्हणून मुक्काम वाढवू नका, तेही कागदावर दिसतं.

आणि सगळ्यात महागात पडते ती या मेसेजवर विश्वास ठेवून मारलेली थाप. खेळ सांगितला तर पैसे मिळणार नाहीत, या समजुतीनं नातेवाईक सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत ‘जिन्यावरून पडला’ असं सांगतात. तेच केसपेपरवर चढतं, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली असेल तर तिथेही. पुढे क्लेम फॉर्मवर स्पर्धा लिहिली की दोन कागद एकमेकांशी भांडतात, आणि मिळण्यासारखा क्लेमही हातचा जातो. पहिल्याच कागदावर वेळ, मैदान आणि मार कसा बसला ते खरं लिहून घ्या: ‘रेड करताना बचावपटूचा गुडघा कानशिलावर लागला.’

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद मिळाली नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे पुण्याचे विमा लोकपाल. सोलापूर त्यांच्याच हद्दीत येतं आणि फी लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षं. पण आयोगात तक्रार चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत.

‘सही केली, आयोजक मोकळे’

अल्पवयीन मुलाची सही करार म्हणून टिकत नाही. करार कायद्याचं कलम ११ आणि प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) १९०३ चा निकाल यावर स्पष्ट आहेत. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मधली संमतीही १८ वर्षांवरच्यांचीच. सज्ञान खेळाडू सही करतो ती खेळाच्या नेहमीच्या धोक्याला. मॅटच्या जोडात राहिलेली फट, सीमारेषेला खेटून उभा केलेला दिव्याचा खांब, भेलकांडणाऱ्या खेळाडूला पुन्हा आत पाठवणं, याला ती सही नसते.

ब्रिटनमधला मायकेल वॉटसनचा खटला इथे कामाचा आहे. १९९१ च्या लढतीत या मुष्टियोद्ध्याच्या मेंदूला इजा झाली. आधी नेलं त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, म्हणून दुसरीकडे हलवावं लागलं. रिंगजवळ तातडीच्या उपचारांची नीट सोय ठेवण्याचा नियम केला नाही म्हणून अपील न्यायालयानं नियामक संघटनेला जबाबदार धरलं. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण प्रश्न तोच येतो. करमाळ्याच्या फडात पैलवान डोक्यावर आपटला तर न्यूरोसर्जन कुठे आहे, गाडी कोणती, हे आयोजकाला आधीच माहीत होतं का? सोलापूर तिथून शंभर किलोमीटरहून लांब आहे.

म्हणून प्रत्येक दुखापतीला आयोजक दोषी, असंही नाही. नियमात बसणाऱ्या पकडीत लागलं तर दावा सहसा टिकत नाही. निष्काळजीपणा दाखवावा लागतो. त्यासाठी त्याच रात्री मैदानाचे फोटो काढा, गुणपत्रक आणि संमतीपत्राची प्रत घ्या, सामन्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग डाउनलोड करून ठेवा. ते पुढे कधी काढून टाकतील, नेम नाही. शाळेविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याआधी वकिलाला विचारा: राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्ये शाळांचे खेळ, पोहणं असे उपक्रमही ग्राहक कायद्याबाहेर ठेवले. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. अल्पवयीनाची ती १८ पूर्ण झाल्यावर मोजतात.

‘सीटी नॉर्मल, म्हणजे काही नाही’

सीटीत रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, बहुतेक वेळा दिसतच नाही. त्याचं निदान लक्षणांवरून होतं. शुद्ध गेली पाहिजे असंही नाही. १९९८ मध्ये ढाक्यात चेंडू डोक्याला लागल्यावर क्रिकेटपटू रमण लांबा मैदानातून चालत बाहेर गेला होता. तीन दिवसांनी तो वारला. डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा राहिला तर दर भेटीत तारखेसह लिहून घ्या. भरपाईच्या दाव्यात तोच पुरावा.

‘वीस रुपयांचा विमा आहे की’

पंतप्रधान सुरक्षा विमा योजना मृत्यूला दोन लाख देते. अपंगत्वाची व्याख्या मात्र डोळे, हात, पाय यांच्यापुरती. स्मरणशक्ती गेली तर काही नाही, आणि वय १८ ते ७० हवं. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्याचं राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान आहे, अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो.

आयोजक ‘आमचा विमा आहे’ म्हणाले तर प्रत मागा. पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत (इतरांच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा विमा) प्रेक्षक धरलेले असतात, खेळाडू अनेकदा वगळलेले. खेळाडूंसाठी वेगळी ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी लागते, आणि तिच्या यादीत मुलाचं नाव आणि सामन्याची तारीख हवी.