न विचारता लावलेला सॉफ्ट स्टार्ट आणि मंद पेटलेल्या ट्यूब: ग्राहकाच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ओएम,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की ३-५००झेड या व्हॅक्यूम ट्यूबची जोडी बदलायला हॅम रेडिओचा लिनिअर (सिग्नलची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर) दिला, आम्ही न विचारता त्यात सॉफ्ट स्टार्ट (चालू करताना पहिला करंट रोखणारं सर्किट) बसवून दीड हजार जास्त लावले, आणि तीन आठवड्यांत ट्यूब मंद पेटायला लागून आउटपुट निम्म्यावर आलं. शिवाय, "या ट्यूबला वॉर्म-अप लागतच नाही, मग हे कशाला?"

आधी पैशांचं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. दीड हजार आज परत पाठवले आहेत.

बिघाडही माझ्याच कामातला निघाला. शनिवारी तुम्ही सेट आणून दिलात, त्याच रात्री उघडला. सॉकेटच्या पिनांवर ५ व्होल्टऐवजी ३.८ व्होल्ट. भिंगातून पाहिलं तर सॉफ्ट स्टार्टच्या टायमर बोर्डवर रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) एका पिनेभोवती सोल्डरला केसाएवढा तडा. रिले ओढतच नव्हता. त्यामुळे दोन सेकंदांपुरता असलेला १०० ओहमचा रेझिस्टर फिलामेंट (ट्यूबमधली तापणारी तार) ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे मेन्सच्या बाजूला, कायम राहिला आणि काळा पडला. बोर्ड मी पंख्याच्या गरम हवेच्या वाटेत बसवला होता, तिथे तो बसवायलाच नको होता.

आता तुमचा प्रश्न. वॉर्म-अपबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. ८८७७ या ट्यूबमध्ये कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापवणाऱ्या तारेपासून वेगळा असतो, त्याला तापायला तीन मिनिटं द्यावी लागतात. ३-५००झेडमध्ये थोरिएटेड टंगस्टनची तार हाच कॅथोड, ती लगेच तयार होते. पण सॉफ्ट स्टार्ट त्यासाठी नसतो, तो पहिल्या क्षणाच्या करंटसाठी असतो. तुमच्या नव्या ट्यूबच्या थंड फिलामेंटमधून मी १ अँपिअर सोडला, तर टोकांवर ३५ मिलिव्होल्ट मिळाले, म्हणजे ०.०३५ ओहम. (मल्टिमीटरवर ओहम मोजून हे कळत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स याहून जास्त भरतो.) तापल्यावर तीच तार ५ व्होल्टला साडेचौदा अँपिअर घेते, म्हणजे सुमारे ०.३४ ओहम. जवळजवळ दहापट फरक.

म्हणजे स्विच टाकला त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर जेवढा देईल तेवढा करंट ती ओढते. बऱ्याच जुन्या लिनिअरमध्ये ट्रान्सफॉर्मर गरजेपुरताच असतो, त्याच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्सच करंटला लगाम घालतो. तिथे सॉफ्ट स्टार्टशिवाय ट्यूब वर्षानुवर्षं चालतात, हे मीही पाहिलंय आणि अशा सेटला मी हात लावत नाही. तुमचा सेट घरी बांधलेला. २९ अँपिअर घेणाऱ्या जोडीला कुणीतरी ६० अँपिअरचा, जाड तांब्याचा ट्रान्सफॉर्मर लावलाय. काम दणकट, पण थंड तारेवर तो तुटून पडतो. पीक होल्डवर (मीटर सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो) एका ट्यूबला ९० अँपिअरच्या वर रीडिंग आलं, १०० ओहम लावल्यावर ४० च्या आत. वापरलेली थोरिएटेड तार ठिसूळ होत जाते. अशा झटक्यात ती हलून ग्रिडला (शेजारच्या जाळीला) टेकली तर ट्यूब गेलीच समजा. आजच्या किमतीला ही जोडी मिळवताना तुमची किती पायपीट झाली ते तुम्हीच मला सांगितलं होतं, म्हणून मला राहवलं नाही.

आता बोर्ड नवा आहे, पंख्यापासून दूर. रेझिस्टरला थर्मल फ्यूज जोडलाय. रिले पुन्हा अडकला तर फिलामेंट पूर्ण बंद होईल, अर्धवट जळत राहणार नाही. रिलेच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टवरून हाय व्होल्टेजही अडवलंय.

फिलामेंटला कमी व्होल्टेज असताना ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) दिल्याने एमिशन (तारेची इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद) उतरलं असेल, म्हणून पंखा चालू ठेवून दोन्ही ट्यूब रात्रभर नुसत्या फिलामेंटवर, बरोबर ५ व्होल्टला ठेवल्या. एक पूर्ण सावरली, दुसरी अजून थोडी मागे आहे. ती माझ्या खर्चाने बदलतोय.

सॉफ्ट स्टार्ट नकोच असेल तर काढून देतो, पण मग ट्रान्सफॉर्मर लहान घ्या असं माझं ठाम मत आहे. गुरुवारी सातनंतर या. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) तुमच्यासमोर चालवू, पिनांवरचं व्होल्टेज तुम्हीच मोजा.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)