कथा छापून आली म्हणून परकी होत नाही

दिवाळी अंकांची आवाहनं यायला लागली की दर उन्हाळ्यात तो मेसेजही जागा होतो. ‘नवोदित लेखकांनो, सावधान!’ अशी सुरुवात, मध्ये तीन लाल त्रिकोण, शेवटी ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. यंदा आमच्या ठाण्यातल्या कथा-कट्ट्याच्या ग्रुपवर तो एका दिवसात चार जणांनी टाकला. म्हणणं थोडक्यात असं: मासिकात कथा छापली की तिचे हक्क कायमचे संपादकाचे. मानधन घेतलंत तर कथा विकलीतच. रजिस्ट्रेशन नसेल तर कॉपीराइट नाही, म्हणून कथा आधी स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून ठेवा. फेसबुकवर टाकलेली कथा कुणीही उचलावी. बाहेरगावच्या अंकानं फसवलं तर त्याच्या गावी जाऊन खटला लढावा लागतो. आणि तरीही एकच कथा दहा ठिकाणी बिनधास्त पाठवा.

कट्ट्यावरच्या कळव्याच्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, हे वाचून इतक्या घाबरल्या की एका अंकानं स्वीकारलेली कथा त्यांनी परत मागितली. पहिलीच स्वीकारली गेलेली कथा. म्हणून हे लिहायला बसले.

‘छापली की गेली’ हेच मुळात खोटं आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. अपवाद आहेत, त्यातला मासिकांच्या बाबतीतला असा: तुम्ही वर्तमानपत्रात किंवा मासिकात पगारी नोकर असाल आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलंत, तर ते वर्तमानपत्रा-मासिकात छापण्याचा हक्क मालकाचा. तिथेसुद्धा वेगळा करार नसेल तर पुस्तक, सिनेमा वगैरे बाकीचे हक्क लेखकाकडेच राहतात. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत कथा लिहून ईमेल करणाऱ्या आपल्याला हा अपवाद लागूच नाही.

हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी कागद लागतो आणि त्यावर लेखकाची किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाची सही. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात यायला हवं. काळ लिहायचा राहिला तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश राहिला तर भारत. आणि घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. तुम्ही तसं लिहिलेल्या कागदावर सही केल्याशिवाय मेसेजमधलं ‘कायमचे’ यात कुठेच बसत नाही.

मग अंकाला कथा पाठवताना आपण देतो काय? परवानगी. ब्लॉक विकणं वेगळं आणि शेजारच्या लग्नाच्या पाहुण्यांना तो दोन दिवस उतरायला देणं वेगळं. सोबतच्या पत्रात ‘आपल्या यंदाच्या दिवाळी अंकासाठी कथा पाठवत आहे’ असं आपण सवयीनं लिहितो ना, तेच वाक्य त्या परवानगीचं कुंपण आहे. मी हल्ली पुढे एक ओळ जोडते: ‘ही परवानगी छापील अंकात एकदा प्रसिद्ध करण्यापुरती आहे.’ आजवर एकाही संपादकानं नाक मुरडलं नाही. कथा ‘साभार परत’ आल्या त्या कथेच्या गुणांमुळे.

कायद्याची कलमं नको असतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एक चक्कर मारा. १८९३ पासूनची संस्था आहे, कथासंग्रहांना तोटा नाही. कुठलाही काढा आणि पहिली चार पानं उलटा. बऱ्याच संग्रहांत ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकांची यादी सापडेल, आणि तिच्या आसपास हक्काची ओळ, जिच्यात लेखकाचं नाव, कित्येकदा बायकोचं नाहीतर मुलीचं. संपादकाचं नाही. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा आधी अंकात आणि मग पुस्तकात अशीच येत आली आहे. मेसेज खरा असता तर ते कपाट रिकामं असतं.

मानधनाचं थोडक्यात. पैसे मिळाले म्हणजे मालकी गेली, असं नाही. सही केलेल्या कागदावर काय लिहिलंय तेवढंच गेलं. कागदच नसेल तर मानधन हे त्या एका छपाईचं. (अनेकदा मानधन म्हणजे भेट अंकाची एक प्रत असते. त्या प्रतीच्या बदल्यात सिनेमाचे हक्क गेले असं मानणाऱ्याच्या आशावादाला नमस्कार.)

रजिस्टर्ड पोस्टाची युक्ती मात्र माझ्या जिव्हाळ्याची, कारण ती मी केली आहे. माझ्या कपाटात नौपाड्याच्या पोस्टाचा शिक्का असलेला एक खाकी लिफाफा आहे, पाठवणारी मी, घेणारी मी. पोस्टमननं सही घेताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते अजून आठवतं. आत कुठली कथा आहे हे आता आठवत नाही. या लिफाफ्याला कायद्यात स्थान नाही. फार तर तो तारखेचा एक पुरावा, आणि तो तुमच्या ईमेलच्या ‘सेंट’मध्ये फुकट मिळतो. कॉपीराइट कथा लिहून होताक्षणी तयार होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. करायची तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन होते, साहित्यकृतीला पाचशे रुपये लागतात, आणि वाद झाला तर नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कामी येते. कादंबरीला जरूर करा. प्रत्येक कथेला करत बसलात तर मानधनाचा आणि फीचा हिशोब तुम्हीच घाला.

फेसबुकवर टाकलेली कथा उचलणं हा सरळ सरळ हक्कभंग आहे, मग तो नावानिशी असो वा ‘लेखक अज्ञात’ लिहून. पण मेसेजवाल्यांना खरी अडचण दिसलीच नाही. कायद्याच्या लेखी लोकांसमोर इंटरनेटवर ठेवणं म्हणजेसुद्धा प्रकाशन. अंक ‘स्वलिखित व अप्रकाशित’ कथा मागतो तेव्हा भिंतीवर टाकलेली आणि दीडशे लाइक मिळालेली कथा अप्रकाशित राहिलेली नसते. हक्क तुमचाच, पण नवेपणा खर्च झाला.

खटल्याचं ऐकून तर हसू आलं. कलम ६२ प्रमाणे लेखक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. अंक कोल्हापूरचा असो की नागपूरचा, कळव्याच्या बाईंना ठाण्याच्या कोर्टनाक्यावरच्या जिल्हा न्यायालयापर्यंतच जायचं आहे. वाशी-नेरूळकरांचा जिल्हाही ठाणेच. खारघर-पनवेलचे रायगडात मोडतात.

दहा ठिकाणी पाठवण्याबद्दल: कायदा आड येत नाही, एवढं त्यांचं बरोबर. पण सोबत ‘अन्यत्र पाठवलेली नाही’ असं लिहून दिलंत तर ते खोटं निवेदन झालं. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पानं लागल्यावर तीच कथा दुसऱ्या अंकात येतेय हे कळलं, तर तो संपादक तुमचं नाव पुढची दहा वर्षं विसरत नाही.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये हवी होती ती नाहीच. कलम ५७. लेखक म्हणून नाव लागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, तो बाकीचे हक्क देऊन टाकल्यावरही उरतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीचे चित्रपटहक्क रीतसर करारानं दिले होते, तरी चित्रपटातल्या बदलांविरुद्ध त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ मध्ये न्यायालयानं कलम ५७ ला कराराच्या वर ठेवलं. जागेअभावी संपादकानं दोन परिच्छेद छाटले म्हणून मात्र लगेच हे कलम उगारू नका.

धोका आहे तो सहीच्या जागी. काही वर्षांपूर्वी एका कथास्पर्धेच्या छापील फॉर्मवर मी डोळे मिटून सही केली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होतं: ‘पाठवलेल्या सर्व कथांचे सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील.’ सर्व कथांचे, बक्षीस मिळो न मिळो. मला मिळालं नाही. वर्षभरानं तीच कथा संग्रहात घ्यायची तर प्रकाशकानं विचारलं, ‘हिचे हक्क मोकळे आहेत ना?’ आणि मी तो फॉर्म शोधत बसले. आयोजकांचं ना-हरकत पत्र यायला चार महिने आणि नऊ फोन लागले.

यंदा वाशीच्या एका स्पर्धेच्या फॉर्मवर तीच ओळ, शब्दन्‌शब्द तीच. पेनानं खोडली, वर लिहिलं ‘फक्त स्पर्धेच्या विशेषांकापुरते’, शेजारी छोटी सही केली, पाठवून दिला. दोन दिवसांनी आयोजकांचा फोन आला. म्हटलं, झालं, आता वाद.

‘मॅडम, तुम्ही ओळ खोडलीत ती चालेल हो,’ ते म्हणाले. ‘आम्हीपण ती दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मवरून उतरवली होती.’