थंडीतलं लग्न दुपारीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

थंडीतलं लग्न दुपारी लावा आणि सजावटीला शेवंती-झेंडू घ्या, असं मी सुचवलं होतं. त्यावरचा तुमचा राग पोचला. ‘थंडीची मजा संध्याकाळच्या लॉनवर, ती सोडून दुपारी लग्न लावायचं म्हणजे निव्वळ काटकसर. आणि शेवंती-झेंडू ही गणपतीची आरास झाली, लग्नाला मोगराच हवा,’ असं तुम्ही लिहिलंय. शिवाय पौषात हॉल सहज मिळत असताना पंचांग कशाला, हेही विचारलंय.

पौषाचं आधी उरकतो. दोन्ही घरांची हरकत नसेल तर खुशाल करा. बरीच मराठी घरं अजून पौष टाळतात, म्हणून तर मार्गशीर्षात आणि माघात गर्दी उसळते. पौषात तुम्हाला हॉलवाल्याशी घासाघीस करता येईल.

लॉनचं मात्र मला पटत नाही. डिसेंबरात पुण्यात दुपारी एकोणतीस-तीस अंश असतात आणि पहाटेपर्यंत पारा अकरा-बाराला येतो. ही घसरण सुरू होते नेमकी रिसेप्शनच्या वेळी. नदीकाठच्या लॉनवर रात्री नऊला मसालेभातावर वाढलेलं साजूक तूप दोन घासांत थिजतं, आणि पैठण्या शालींखाली गडप होतात. दहाला स्पीकर बंद करावा लागतो तो वेगळाच. गोरज मुहूर्त म्हणाल, तर सूर्यास्त सहाच्या आसपास. कामाच्या दिवशी सिंहगड रस्त्यावरून त्या वेळेला वेळेत कोण पोचतंय? अक्षता पडून गेल्यावर आलेला पाहुणा थेट पंगतीतच बसतो. साडेअकरा-बाराचा मुहूर्त धरा. ऊन सोसण्याजोगं असतं, फोटोंना वेगळे दिवे लागत नाहीत. दिव्यांच्या माळांची हौस संध्याकाळी बंद हॉलमध्ये भागवा, तिथे मी आडवा येणार नाही.

आता फुलं. मोगरा उन्हाळ्याचा. थंडीत तो थोडा येतो आणि भाव खातो. गजऱ्यापुरता घ्या, मांडवभर नको. शेवंतीचं उलट आहे. दिवस लहान झाले की तिला बहर येतो, त्यामुळे गुलटेकडीच्या फूलबाजारात या दिवसांत पांढरी-पिवळी शेवंती ढिगाने असते. पांढऱ्या शेवंतीत आंब्याची पानं ओवून बघा, गणपती आठवणार नाही. फक्त घेताना हात घालून बघायचा. दवानं भिजलेला ओला माल माळेत आतून काळा पडतो, तेव्हा चार पैसे जास्त देऊन कोरडाच घ्या. गुलाबावर भिस्त असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा टाळा, व्हॅलेंटाइनमुळे भाव चढलेले असतात.

आणि तुळशीच्या लग्नाला करतो तसा उसाचा मांडव प्रवेशद्वारी कराच. हिरव्या पात्यांसकट पाच-पाच ऊस दोन्ही बाजूंना बांधले की वेगळी कमान लागत नाही. मात्र कापलेल्या टोकांवर मधमाश्या येतात. ती टोकं ओल्या मातीच्या कुंड्यांत खुपसायला सांगा आणि जेवणाच्या टेबलांपासून कमान लांब ठेवा.

तारीख ठरली की कळवा. शेवंतीवाल्याला आदल्या पहाटे किती वाजता गाठायचं, ते सांगतो.