बोनेटखाली जागा आहे ना? मग झालं!

तुमची सुझुकी सामुराई, ती छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप, चढावर धापा टाकते? साहजिक आहे. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जेमतेम १०० न्यूटन-मीटर. बिचारी दम धरून वर येते हेच नवल. आता तुम्ही इंजिनच बदला. टॅपेट सेट करणं, प्लग बदलणं, कार्ब्युरेटर साफ करणं असल्या कामांच्या नादी लागू नका. त्यानं एका रविवारात गाडी सुधारते आणि पुढचे सगळे रविवार मोकळे पडतात.

एखादा मित्र म्हणेल, ‘अरे, ट्रान्सफर केसमधले, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्यातले, गिअर बदल. चढासाठीचा मूळचा लो रेशो २.२६८ आहे, ४.१६चा संच मिळतो. तेच इंजिन चाकाला पावणेदोनपटीहून जास्त ओढ देईल.’ हिशोब बरोबर आहे, म्हणूनच त्याच्याशी बोलणं कमी करा. गिअर आत असतात. बोनेट उघडून लोकांना दाखवणार काय?

तसंच, व्हिटाराचं १.६ लिटरचं इंजिन घेऊ नका. ते सामुराईच्याच भावकीतलं, गिअरबॉक्सला फारशी कुरकुर न करता बसतं. त्यात कर्तृत्व कसलं? फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय आणा. डिझेल, ९० अश्वशक्ती, २०२ न्यूटन-मीटर. हे आकडे पाठ करा, पुढचं वर्षभर दाखवायला तेवढंच असणार आहे.

टेप लावून मोजमाप घेणं हे भित्र्यांचं लक्षण. एक डोळा मिटा, मान तिरपी करा, ‘बसतंय की!’ म्हणा आणि चेन पुलीवरून इंजिन खाली सोडा. लांबीला बसतं, रुंदीला बसतं. फक्त इंजिनाच्या तेलाचा चेंबर पुढच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे पुढच्या एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या, उरावर बसतो. चेंबर कापा, वेल्डिंग करा. तेल गळेल, पुन्हा वेल्डिंग करा. इंजिनाची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जागा नसेल तर अडकलेली गाडी ओढायचा पुढचा टो-हुक कापून टाका, नाहीतरी तो कधी लागतो?

इंजिन आणि गिअरबॉक्सचे बोल्ट जुळत नाहीत, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. तिचं केंद्र केसभर चुकलं तरी क्लच आणि बेअरिंग महिनाभरात जीव सोडतात. म्हणून ती लेथवर करून घेऊ नका. ग्राइंडर आणि आत्मविश्वास पुरतो.

ब्रेकचं मात्र मनावर घेऊ नका. पेट्रोल इंजिन श्वास घेता घेता ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडलला जोर देणाऱ्या डब्याला, फुकट व्हॅक्यूम पुरवायचं. डिझेल ते देत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. त्याची नळी जोडायची राहिली, तर पहिल्याच उतारावर पेडल दगडासारखं लागून आपोआप आठवण होते. आरपीएमचा काटाही शून्यावर झोपेल, कारण त्याला खबर देणारी इग्निशन कॉइलच आता नाही. काच पुसून बघा, बरं वाटतं.

इंजिन घेताना त्याचा संगणक आणा, मूळ गाडीची किल्ली मात्र तिथंच विसरा. इमोबिलायझरवालं, म्हणजे आपली किल्ली ओळखल्याशिवाय न चालणारं, असेल तर ते सुरू होईल, सेकंदभर गुरगुरेल आणि बंद पडेल. माझ्या ओळखीच्या एकानं त्या गुरगुरण्याचाच व्हिडिओ करून ठेवला होता. तोही आनंदच आहे.

आणि एक दिवस गाडी खरंच रस्त्यावर येईल. तेव्हा कळेल की सामुराईच्या ट्रान्सफर केसचा साध्या रस्त्यासाठीचा हाय रेशोसुद्धा १.४०९ आहे, म्हणजे तिथंही इंजिनाला जास्तीच्या फेऱ्या माराव्या लागतात. मिनिटाला सहा हजार फेऱ्या मारणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ते चालायचं. डिझेलचा दम साडेचार हजारांच्या आसपास सरतो, त्यामुळे टॉप गिअरमध्येही इंजिन ओरडतंय आणि सायकलवाला मागून घंटी वाजवतोय अशी गत होते. उपाय? ट्रान्सफर केसमधले गिअर बदला. (हे कुणी सांगितलं होतं, ते आठवायची गरज नाही.)

मग जा त्या चढावर. लो टाका, पाय दाबा. दुप्पट टॉर्क निघेल, गिअरबॉक्समधून जाईल, एक्सलपर्यंत पोचेल आणि पुढच्या चाकाचा मूळचा नाजूक जॉइंट कडकन तुटेल.

घाबरू नका. मागून तो मित्र येतोच आहे, त्याच १.३ इंजिनावर, निवांत. उतरेल, काही बोलणार नाही, दोर काढेल. गाडीपुढे वाकून बराच वेळ शोधेल आणि मग विचारेल, ‘हुक कुठाय?’