क्षेत्ररेषा म्हणजे प्रभाराची वाट नव्हे

परीक्षेच्या तोंडावर एक युक्ती हमखास फिरू लागते: एकसमान विद्युतक्षेत्रावरचं कुठलंही गणित तीन ओळींत सुटतं. प्रभार क्षेत्ररेषेवरूनच धावतो, गुरुत्व सोडून द्यायचं, प्रभार चिन्हासकट सूत्रात टाकायचा आणि आलेलं त्वरण सरळ रेषेतल्या गतीच्या समीकरणात घालायचं. काही गणितांत याने उत्तर बरोबर येतं, पंचाईत तीच आहे.

'प्रभार क्षेत्ररेषेवरून धावतो.' क्षेत्ररेषा बलाची दिशा दाखवते, वेगाची नाही. प्रभार जागच्या जागी सोडला किंवा रेषेला समांतर फेकला, तरच दोन्ही जुळतात. आता दोन आडव्या प्लेट घ्या: लांबी ५ सेमी, अंतर २ सेमी, विभवांतर (दोन प्लेटमधला व्होल्टेजचा फरक) १०० व्होल्ट. विभवांतराला अंतराने भागलं की क्षेत्र ५००० व्होल्ट प्रति मीटर. बरोबर मधून इलेक्ट्रॉन २ × १०^७ मीटर प्रति सेकंद वेगाने आडवा शिरतो. आडव्या दिशेत बल नाही, म्हणून आडवा वेग तसाच राहतो आणि प्लेट पार करायला २.५ × १०^-९ सेकंद लागतात. उभ्या दिशेत त्वरण, म्हणजे प्रभार गुणिले क्षेत्र भागिले वस्तुमान, ८.८ × १०^१४ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याच्या निम्म्याला वेळेच्या वर्गाने गुणलं की विचलन २.७ मिमी येतं. दोन्ही दिशांना जोडणारी गोष्ट एकच, वेळ. म्हणून आधी ती काढायची.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. विभवांतर ४०० व्होल्ट केलं तर विचलन ११ मिमी येतं, पण मधून प्लेटपर्यंत १० मिमीच जागा आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नाही, प्लेटवर आपटतो. ही तपासणी न करता पुढचं सगळं बिनचूक सोडवलं तरी उत्तर चूकच. दुसरं, प्लेटच्या टोकापासून २० सेमीवर पडदा असेल, तर बाहेर पडल्यावर मार्ग वाकत नाही, सरळ जातो. १०० व्होल्टला उभा वेग २.२ × १०^६, म्हणजे आडव्याच्या ०.११ पट. त्यामुळे पुढचे २२ मिमी आणि आधीचे २.७ धरून सुमारे २५ मिमी. ताळा करायचा तर हीच तिरकी रेषा मागे वाढवा, ती प्लेटच्या मध्यातून निघाल्यासारखी दिसते: २२.५ सेमी गुणिले ०.११.

'गुरुत्व सोडा.' इलेक्ट्रॉनसाठी खुशाल सोडा. वरच्या क्षेत्रातलं विद्युत बल त्याच्या वजनाच्या सुमारे ९ × १०^१३ पट आहे. पण १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या तेलाच्या थेंबाचं वजन साधारण ३.७ × १०^-१४ न्यूटन असतं. त्यावर पाच इलेक्ट्रॉनांचा प्रभार असला, तर याच क्षेत्रातलं बल वजनाच्या एक नवमांशाएवढंच भरतं. इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणारा मिलिकनचा तेलथेंबांचा प्रयोग तर गुरुत्वाशी तोल साधण्यावरच उभा होता.

'प्रभार चिन्हासकट टाका.' टाका, पण मग दिशा पुन्हा उलटवू नका. ऋण प्लेटपासून सोडलेल्या इलेक्ट्रॉनसाठी धन प्लेटची दिशा धन मानली, तर क्षेत्रही ऋण लिहावं लागतं. ते विसरलं की वेगाचा वर्ग ऋण येतो. सोपं म्हणजे बलाची किंमत चिन्हाविना काढावी आणि दिशा आकृतीवर बाणाने दाखवावी.

'गतीचं समीकरण पुरे.' फक्त वेग हवा असेल तर प्रभार गुणिले विभवांतर बरोबर गतिज ऊर्जेतली वाढ, एवढ्यावर भागतं; त्वरण काढायची गरज नाही. मात्र विभवांतर प्रभाराने प्रत्यक्ष कापलेल्या अंतराचं घ्यावं. वरच्या गणितात इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या दिशेत फक्त २.७ मिमी सरकला, म्हणून वाढ १०० नव्हे, जवळपास १४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एक व्होल्ट विभवांतरातून जाताना इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट). आणि ३ लाख व्होल्टच्या विभवांतरातून इलेक्ट्रॉन नेलात, तर दोन्ही रीती ३.२ × १०^८ मीटर प्रति सेकंद सांगतात, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त. तिथे सापेक्षतावादाचंच सूत्र लागतं.